एच६ की एफ६ : लघुपटासाठी रेकॉर्डर निवडताना

लग्नांच्या चित्रीकरणातून लघुपटांकडे वळू पाहणारा माझा एक मित्र झूम कंपनीच्या एच६ (२०१३) आणि एफ६ (२०१९) या आवाज नोंदणाऱ्या दोन रेकॉर्डरांपैकी कोणता घ्यावा, या पेचात आहे. दोन्ही एका वेळी सहा माइकांचे आवाज वेगवेगळे घेतात आणि चार पेन्सिल सेलवर चालतात. साम्य तिथेच संपते.

किमतीत एच६ बराच हलका. त्याच्या माथ्यावर स्टिरिओ माइक बसतो, तर एफ६ला स्वतःचा माइकच नसल्याने शॉटगन (लांबट, एका दिशेचा माइक), लेपल (कपड्याला लावायचा माइक) व केबल यांचा खर्च आधीच धरावा लागतो.

खरा फरक आवाजाच्या पातळीचा आहे. एच६ २४ बिटपर्यंतच नोंदतो, म्हणजे ठरावीक कमाल पातळीच्या वरचा आवाज त्यात मावत नाही; म्हणून कुजबुजणारे पात्र अचानक ओरडले आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) आधीच कमी ठेवलेला नसला, तर आवाज फाटतो आणि तो संवाद संकलनात धड सावरता येत नाही. एफ६ ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे पातळीची मर्यादा खूपच मोठी असलेल्या पद्धतीत, नोंदत असल्याने तीच ओरड नंतर खाली आणता येते. अर्थात माइक किंवा वायरलेस रिसीव्हरच आधी फाटला, तर पुढे रेकॉर्डर कोणताही असो, उपयोग नाही.

एफ६मध्ये टाइमकोड (चित्र व आवाज जुळवण्यासाठी दोन्हींवर नोंदली जाणारी वेळेची खूण) आहे, एच६वर क्लॅप (पाटी किंवा टाळी) देऊन किंवा संकलनात ध्वनिलहरी जुळवून आवाज चित्राशी जुळवावा लागतो. मात्र फँटम पॉवर (रेकॉर्डरने केबलमधून माइकला पुरवलेली वीज) सुरू असताना एफ६ सेल भराभर संपवतो, तेव्हा त्याच्या पाठीला सोनीची एल मालिकेतील बॅटरी लावणेच बरे. त्याची बटणे इतकी लहान व दाटीची आहेत की शेजारचा गेन हटकून हलतो.

मुलाखती, संगीताच्या बैठका आणि एकट्याचे काम असेल, तर एच६ पुरेसा आहे; दोन कॅमेरे आणि अभिनयाचे चढउतार असतील, तर एफ६च घ्यावा.