निरयन की सायन: बाळाची पत्रिका कोणत्या पद्धतीने करावी?

नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या भाचीला बाळाची पत्रिका भारतीय निरयन पद्धतीने करावी की पाश्चात्त्य सायन पद्धतीने, असा प्रश्न पडला आहे.

मूळ भेद राशिचक्राच्या आरंभाचा आहे. सायन पद्धत तो वसंतसंपाताशी, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होताना सूर्य ज्या बिंदूवर असतो त्याच्याशी, बांधते, तर निरयन पद्धत ताऱ्यांशी. आणि संपात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकत असल्याने दोहोंत आज जवळपास २४ अंशांचे अंतर पडले आहे. त्यामुळे ५ एप्रिलला जन्मलेल्या बाळाचा सूर्य सायन गणिताने मेषेत, तर निरयन गणिताने मीनेत येतो.

लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, म्हणून अचूक जन्मवेळ दोन्हीकडे हवीच. एखादी घटना कधी घडेल हे ठरवण्यासाठी आपल्याकडे चंद्रनक्षत्रावरून १२० वर्षांची विंशोत्तरी दशा, म्हणजे ग्रहांच्या कालखंडांची क्रमवारी, मांडतात. पाश्चात्त्य ज्योतिषी मुख्यतः गोचर (ग्रहांचे चालू भ्रमण) पाहतात आणि युरेनस, नेपच्यून, प्लूटोही धरतात. भाकितांना वैज्ञानिक पुरावा मात्र कोणत्याच पद्धतीत नाही, हे मी तिला आग्रहाने सांगितले आहे.

नक्षत्रावरून नाव ठेवायचे असेल किंवा पुढे लग्न जुळवताना ३६ गुणांचे मेलन घरात पाहिले जाणार असेल, तर निरयन पत्रिकाच करावी. केवळ स्वभावचिंतनाची आवड असणाऱ्याला सायन पुरेशी आहे.