अठराशेचे इअरबड्स, सात महिन्यांनंतर: आवाज गेला होता, परत कसा आणला ते सांगतो

डोंबिवली ते दादर रोजची लोकल, वर दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा, असे सात महिने हे बड्स वापरतोय. पहिले पाच महिने आवाज एकदम झकास होता, मग हळूहळू डावीकडचा बारीक होत गेला आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक तर गायबच, नुसती चाटीची टिकटिक ऐकू यायची. सर्व्हिस सेंटरला नेले तर काउंटरवरच्या पोराने नीट न बघताच सांगितलं की स्पीकर गेलाय, वॉरंटीत बसत नाही, नवीन घ्या. भयंकर राग आला.

घरी येऊन रबरी टिप काढली, बड ट्यूबलाइटखाली धरला, तर जाळीच्या अर्ध्या भागावर कानातल्या मळाचा पिवळट पापुद्रा धरलेला! मऊ, कोरडा ठणठणीत टूथब्रश घेतला आणि जाळीचं तोंड जमिनीकडे ठेवून हळूहळू घासलं, म्हणजे निघालेला मळ आत न जाता खाली पडतो. टाचणी अजिबात घालू नका, जाळी फाटते, आणि पाणी पण नको. दोन-तीन मिनिटांत डावा उजवा सारखा झाला. हेच त्या पोराला करता आलं नसतं का?

डग्गा मात्र अजून दबकाच होता. मग बोटाने बड कानात जरासा दाबून बघितला आणि लगेच घुमक भरून आली, म्हणजे टिप लहान पडत होती. कानात फट राहिली की सगळ्यात आधी बेस जातो. मला आता डावीकडे मोठी आणि उजवीकडे मधली टिप लागते, दोन्ही कानांना एकच साइझ पाहिजे असं काही नसतं.

लॅपटॉपवर वेगळीच भानगड. गाणं छान चालू असतं आणि मीटिंग जॉइन केली रे केली की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा. यात बड्सचा दोष नाहीये, बड्सचा माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याचा मोड सोडून कॉलच्या मोडमध्ये जातं, तिथे स्टिरिओ नसतो आणि आवाजाची क्वालिटीही कमी होते. साउंड सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडायचा, बड्स फक्त ऐकायला ठेवायचे. माझं काम तेवढ्याने झालं.

दादरच्या पुलावर गर्दीत आवाज तुटायचा तो फोन मागच्या खिशात असायचा म्हणून. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपल्या अंगातलं पाणी तो सिग्नल खातं, आता फोन शर्टच्या खिशात ठेवतो. या बड्समध्ये एलडॅक आहे, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं जास्त बारकाव्यांसकट पाठवायची पद्धत. अँड्रॉइडवर ते ९९० केबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त डेटा) ठेवलं होतं, गर्दीत ते टिकत नाही, ६६० वर आणल्यापासून तुटणं जवळजवळ बंद झालंय. आयफोनवाल्यांनी मात्र बॉक्सवरचं एलडॅक बघून पैसे टाकू नका, आयफोनला ते चालत नाही, तिथे एएसी या दुसऱ्या पद्धतीवरच वाजणार.

आवाजाला पाचपैकी चार, या किमतीत तानपुरा इतका स्वच्छ मी तरी दुसऱ्या कशात ऐकला नाही. सर्व्हिसला शून्य. आणि मोठ्या टिपची बॉक्समध्ये एकच जोडी येते, सुटी मागितली तर मिळत नाही म्हणाले, त्यामुळे लोकलमध्ये उतरताना बड काढायचा तर आधी टिप बोटाने धरून मगच काढतो.