प्रेअरीचा पट्टा की रायचं आच्छादन?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात उताराच्या रानातून माती वाहून जात असेल, तर मका-सोयाबीन घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, शेताचा थोडा भाग काढून उताराला आडवे देशी प्रेअरीचे, म्हणजे तिथल्या मूळ गवत-फुलांचे, पट्टे लावायचे. दुसरी, काढणीनंतर सगळ्या रानात राय (गव्हासारखं थंडीत तगणारं तृणधान्य) पेरून हिवाळाभर जमीन झाकायची. उतार असेल तर मी पट्ट्याच्या बाजूचा आहे.

कारण जूनमधला धुवाधार पाऊस. ब्रोमसारखं मऊ गवत त्यात लोळतं आणि पाणी वरून निघून जातं. बिग ब्लूस्टेम या प्रेअरीतल्या उंच गवताचे ताठ देठ मात्र उभे राहतात. पाणी मागे तुंबतं, गाळ तिथेच बसतो, बरंचसं पाणी खोल मुळांच्या वाटेनं जिरतं. आयोवा स्टेट विद्यापीठानं २००७ पासून नील स्मिथ अभयारण्यातल्या छोट्या पाणलोटांवर हे मोजलं. जेमतेम १० टक्के जमीन प्रेअरीखाली दिली, तरी वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. परागीभवन करणारे कीटक साडेतीन पट झाले, पक्ष्यांच्या जाती दुपटीहून जास्त. ज्या राज्यातली जवळजवळ सगळी उंच गवताची प्रेअरी नांगराखाली गेली, तिथे हे मला फार मोलाचं वाटतं.

पण रानाखाली निचऱ्याच्या नळ्या असतील, तर नायट्रेट (पाण्यात विरघळलेलं नत्र) पट्ट्याला बगल देऊन थेट ओढ्यात जातं. तिथे रायच हवी. राज्याच्या पोषकद्रव्य धोरणात रायमुळे नायट्रेटची गळती सरासरी ३१ टक्के कमी धरली आहे. मात्र पुढच्या मक्यात ६ टक्के घटही धरलेली आहे. शिवाय बियाणं आणि वसंतात ती मारण्याचा खर्च दरवर्षीचा.

पट्ट्याला धीर लागतो. पहिल्या वर्षी नुसतं तण दिसतं, आणि ते वारंवार छाटलं नाही तर कोवळ्या रोपांना ऊन मिळत नाही. फुलांनी भरायला तिसरं वर्ष उजाडतं. अमेरिकी केंद्र सरकारच्या सीआरपी योजनेत (जमीन पिकाखालून काढून संवर्धनाला दिल्याबद्दल भाडं देणारी योजना) २०१९ पासून पट्ट्यांसाठी सीपी-४३ हा वेगळा प्रकार आला: करार १० ते १५ वर्षांचा, दरवर्षी भाडं. म्हणूनच जमीन वर्षाच्या खंडानं कसत असाल, तर मालक तयार होईपर्यंत रायवरच राहा.

जमीन स्वतःची, उताराची आणि खाली नळ्याही असतील, तर दोन्ही करा. दोन पट्ट्यांमधलं अंतर फवारणी यंत्राच्या रुंदीच्या पटीत ठेवा, आणि पट्ट्यावरून जाताना फवारा बंद करायला विसरू नका.