विस्कॉन्सिन नदीवरून शिकारीला जाताना : कयाक की कनू?

अमेरिकेतल्या प्रेरी डू सॅक गावच्या धरणापासून मिसिसिपीच्या संगमापर्यंत, सुमारे ९२ मैल, विस्कॉन्सिन नदीवर दुसरे धरण नाही. काठावरची बरीच जमीन सरकारी असल्यामुळे हरीण आणि टर्की (कोंबडीसारखा मोठा रानपक्षी) या दोन्हींच्या हंगामात तिथे शिकाऱ्यांची गर्दी होते. ही गर्दी मुख्यतः गाडीतळापासून पायी गाठता येईल एवढ्याच पट्ट्यात असते. बेटे आणि पाणथळीमागचा काठ होडीने येणाऱ्याला बहुधा मोकळा मिळतो. इंजिनाची बोट वाळूवर वारंवार रुतते, म्हणून खरी निवड कयाक (दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याची अरुंद होडी) आणि कनू (एका पात्याच्या वल्ह्याची, वरून उघडी होडी) यांच्यातच आहे.

एप्रिलमध्ये टर्कीसाठी एकट्यानेच जायचे असेल, तर कयाकच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. समोरच्या वाऱ्याने रिकाम्या कनूचे तोंड सारखे फिरते, कयाक मात्र सरळ जाते. आणि बंदूक, घडीचे दोन डिकॉय (टर्कीला भुलवायचे नकली पक्षी) व आठ-नऊ किलोचा नर एवढे ओझे तिला जड नाही.

नोव्हेंबरमध्ये हरणामागे जाताना मात्र कयाकची एक गोष्ट मला सहन झाली नाही. दुहेरी वल्ह्याचे एक पाते पाण्यात असते तेव्हा दुसरे वर असते, आणि त्यावरचे पाणी दांड्यावरून ओघळत बाहीत आणि मांडीवर उतरत राहते. दांड्यावर रबरी कड्या बसवल्या, मांडीवर मेणकापड घेतले, तरी ओल थांबली नाही. चालत राहणाऱ्याला तिचे फारसे काही वाटणार नाही, पण आपल्याला पुढे झाडावरच्या मचाणावर तासन्‌तास निश्चल बसायचे असते. कडाक्याच्या थंडीत ओल्या कापडाने हुडहुडी भरते, आणि थोडीशी हालचालही हरणाच्या नजरेतून सुटत नाही. कनूचे एकेरी वल्हे होडीबाहेरच निथळते, आणि पाते पाण्यातल्या पाण्यात वळवून पुढे नेले तर आवाजही होत नाही.

परतीच्या वेळी पोट साफ केलेले पन्नास-साठ किलोचे हरीण कनूच्या तळाशी आडवे मावते आणि वजन खालीच राहते. तेच कयाकच्या पाठीवर बांधले की ती डोलू लागते, आणि त्या थंड पाण्यात, लाइफ जॅकेट अंगात असले तरी, ती जोखीम घ्यावी असे मला वाटत नाही.

कनू ॲल्युमिनियमची मात्र नको, कारण बंदुकीचा दस्ता कडेला लागला तरी ती घणघणते. घरी होडी ठेवायला जागा नसेल किंवा केवळ टर्कीच करायची असेल, तर कयाक घेण्यात काही गैर नाही. दोन्ही हंगाम करणाऱ्याने आधी कनू चालवून पाहावी. होडी कोणतीही असो, ती काठावर उंच ओढून झाडाला बांधावी, कारण धरणातून पाणी सोडले की नदीची पातळी वाढते.