वर्षात अख्खं बायबल, रोज चार अध्याय, की एकच वाचन? निवडताना काय पाहावं

नवं वर्ष तोंडावर आलं की अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चांत) बायबलवाचनाचे तक्ते वाटले जातात आणि 'यंदा पूर्ण करायचंच' असं घरोघरी ठरतं. फेब्रुवारीत तो तक्ता कुठेतरी लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या पानांत घडी होऊन पडलेला असतो. म्हणून तक्ता घेताना किती अध्याय आहेत हे मी नंतर पाहतो. आधी पाहतो ते हे, की एखादा दिवस चुकला तर ही पद्धत आपल्याशी कशी वागते?

उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सरळ वाचणं हा सगळ्यांच्या मनातला मार्ग. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. म्हणजे रोज सव्वातीन अध्याय, पंधरा-वीस मिनिटांचं काम. अब्राहाम, याकोब, योसेफ हे सलग वाचण्यात जी गोडी आहे ती तुकड्यांत नाही. पण निर्गमाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, जानेवारीच्या अखेरीस लेवीय येतं, आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा सरता सरता गणना या पुस्तकाचा सातवा अध्याय. त्यात इस्राएलच्या बारा वंशांचे सरदार एकेका दिवशी अर्पण आणतात: १३० शेकेलांचं (शेकेल हे तेव्हाचं वजन) चांदीचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, धूपाने भरलेलं १० शेकेलांचं सोन्याचं पात्र. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बाराही वेळा, एकही वस्तू न गाळता, ८९ वचनांचा अध्याय. कुणाचंच अर्पण 'वगैरे' म्हणून उरकलेलं नाही, हे लक्षात आलं तर तो अध्याय सुंदर आहे. पण सकाळी सहाला, डबा भरायचा असताना, हे लक्षात येईलच असं नाही. तीन दिवस चुकले की दहा अध्यायांची थकबाकी होते, आणि बहुतेकांची गाडी त्या थकबाकीपाशीच अडते.

या कंटाळ्यावरचा जुना उपाय म्हणजे रॉबर्ट मरे मॅकचेन यांचा तक्ता. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या या तरुण पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी तो केला. पुढच्याच वर्षी, अवघ्या २९व्या वर्षी, ते वारले. रोज चार ठिकाणचे अध्याय: दोन कुटुंबाने मिळून वाचायचे, दोन एकट्याने. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. १ जानेवारीला उत्पत्ती १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १ येतात: सृष्टी, ख्रिस्तजन्म, बंदिवासातून परतणं आणि मंडळीचा आरंभ, चार सुरुवाती एकाच दिवशी. लेवीय चालू असलं तरी सोबत इतर तीन वाचनं असतातच. शिवाय अशा वाचनाचं ओझं होऊ शकतं, ते नुसतं रीतीपुरतं उरू शकतं, हा इशारा मॅकचेन यांनी स्वतःच दिला होता. मात्र दिवस चुकला तर इथे थकबाकी चारही धाग्यांची. ज्या घरात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आधीच चालू आहे, तिथे हा तक्ता छान बसतो. एकट्याने पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याला मी तो देणार नाही.

कॅथलिक वाचकाकडे तयार वाट आहे: मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, रोजची वाचनं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, मुख्यतः मत्तय, मार्क आणि लूक यांच्याभोवती. वर्ष सुरू होतं ते नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. काल चुकलं तर काल गेलं, आज आजचं वाचायचं. वसईत मराठी मिस्सेला जाणाऱ्याला तोच उतारा वेदीवरूनही ऐकू येतो, हा तर मोठाच आधार. उणीव एवढीच, की जुन्या कराराचा बराच भाग या वाटेवर भेटत नाही.

मग नीतिसूत्रे हे पुस्तक. ३१ अध्याय, आज १४ तारीख तर १४वा अध्याय. खूणही नको. पण वर्षानुवर्षं एवढंच वाचणं पुरेसं नाही, आणि फेब्रुवारीत ३१व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री वगळली जाते ते वेगळंच!

सवय अजून लागलेलीच नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, रोज एक, जोडीला एक स्तोत्र. त्यावर तारीख लिहू नका, नुसती खूण ठेवा. चुकलं तर उद्या तिथूनच पुढे. मार्कनंतर लूक, मग कृत्ये. हे जमलं की वर्षभराच्या तक्त्याला हात घाला, आणि तेव्हाही दोन वर्षांत पूर्ण करायला काही हरकत नाही. लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडणं शक्य नसेल तर फोनवर मराठी बायबल ऐका. कथाभाग ऐकायला उत्तम, पण पौलाची पत्रं घरी, पेन्सिल हातात घेऊन. १ जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. येत्या सोमवारी मार्क उघडलात तर तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या कबरेपर्यंत पोचाल.