गच्चीवरचा टॉवर की कानाचा फोन?

समोरच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवरून आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन मीटिंगा तापल्या. त्याच्या लहरी अंगावर येण्याची काळजी रास्त आहे, पण रोख चुकतोय असं मला मनापासून वाटतं.

टॉवरची शक्ती मोठी, पण लहरी अंतरासोबत झपाट्याने विरतात. अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण पाव होते. शिवाय १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

फोनची शक्ती थोडी, पण तो कानशिलाला टेकलेला. म्हणून इथे मोजतात ती शरीरात शोषली जाणारी ऊर्जा, म्हणजे ‘सार’ (इंग्रजी लघुरूप SAR). भारतातली मर्यादा किलोमागे १.६ वॉट, सरासरी १ ग्रॅम ऊतीवर. स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबलं की बहुतेक फोनवर आकडा दिसतो. तो पूर्ण जोरावरचा असतो, आणि सिग्नल क्षीण असला की फोन जोर लावतोच. आई नेमकी जिन्याखाली, एका कांडीवर, मावशीशी तासभर बोलते!

टॉवर लांब गेला तर तिचा फोन आणखी जोर लावेल. तिला मी वायरचा इअरफोन आणून दिलाय. आता ती बाल्कनीत बसून बोलते.