बेळगावातनं भाड्यानं घेतलेला टेंट, हिमालयातल्या जंगलात चार रात्री : खरा रिव्ह्यू

दुकानाचं नाव टाकत नाही, अण्णा ओळखीचे आहेत आणि परत तिथंच जायचंय, खरं बेळगावात कुणी ट्रेकिंगचं सामान भाड्यानं घेणार असेल तर त्यानं आधी हे वाचावं म्हणून टाईप करूलालोय.

दिवाळी झाल्यावर मी, दाजी आणि दाजींचा पुतण्या असे तिघं उत्तरकाशीकडं गेलो, बारसू गावाच्या वर, दयारा बुग्यालच्या वाटेवर. 2018 ला उत्तराखंड हायकोर्टानं बुग्यालात म्हणजे वरच्या गवताळ कुरणात रात्री राहायला बंदी घातली, त्यामुळं मुक्काम खालीच जंगलात, साधारण 2,900 मीटरवर. हे कॅम्पसाईट वगैरे काय नसतंय हां, नळ नाही, लाईट नाही, संडास नाही, ओकच्या झाडाखाली सपाट जागा बघायची आणि टेंट मारायचा. परमिट आणि गावातला एक गाईड मात्र घेतलावता.

अण्णांकडनं घेतलं ते असं, तीन माणसांचा टेंट, तीन स्लीपिंग बॅग, तीन मॅट, एक छोटा गॅस स्टोव्ह आणि दोन गॅसचे डबे. टेंट दिवसाला 200, बाकीचं मिळून 250. आता गंमत बघा, गोवा एक्सप्रेसनं जायला दीड-दोन दिवस, यायला तेवढेच, मधे बसचा प्रवास, म्हणजे झोपलो चार रात्री आणि भाडं भरलं 11 दिवसांचं. मी म्हटलं अण्णा, ट्रेनमधले दिवस तरी सोडा की. "टेंट तुमच्याकडंच हाय न्हवं?" म्हणाले. ह्यावर काय बोलणार.

आधी टेंटबद्दल, कारण टेंट खरंच चांगला आहे. जायच्या आधी जांबोटीला दाजींच्या खळ्यावर एक रात्र ट्रायल घेतली (भीमगडच्या जंगलात न्हवं, 2011 पासून ते अभयारण्य आहे, तिथं मनाला येईल तिथं टेंट मारता येत नाही), दहा मिनिटांत उभा राहिला, पोल सरळ, चेन कुठं अडकली नाही. वरच्या कापडावर 2000 एमएम छापलंय, म्हणजे दोन मीटर उंच पाण्याचा दाब ते कापड सोसतंय. तिकडं एका रात्री पाऊस आला, आत थेंब नाही. तरीपण पहिल्या दिवशी सकाळी बघतो तर आतनं सगळं ओलं, दाजी लगेच सुरू, फाटका टेंट दिला तुझ्या अण्णानं म्हणून. फाटका नव्हता. थंडीला घाबरून आम्ही सगळ्या चेन गच्च लावल्यावत्या आणि तीन माणसांचा रातभरचा श्वास गार कापडाला लागून पाणी होऊन खाली ठिबकत होता. दुसऱ्या रात्रीपासून दोन्हीकडनं वीतभर चेन उघडी ठेवली, प्रॉब्लेम संपला. हे अण्णांनी एका वाक्यात सांगायला हवं होतं. आणि तीन माणसांचा म्हणजे तीन माणसं कूस न बदलता, सॅक बाहेर, हे धरूनच घ्या.

आता रडगाणं. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर मोठ्या अक्षरात -5. आम्ही खूश, तिथं शून्याच्या खाली फारसं जात नाही म्हणून. जांबोटी 800 मीटरच्या आसपास, आणि हजार मीटर वर गेलं की साधारण सहा-साडेसहा डिग्री उतरतात, म्हणजे निव्वळ उंचीनंच तेरा-चौदा डिग्री कमी, त्यात उत्तरेकडची थंडी वेगळी. पहाटे बाटलीत बर्फाचा पापुद्रा. तेव्हा हेडलॅम्प लावून ते लेबल नीट वाचलं, तर खाली बारीक अक्षरात कम्फर्ट (म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान) 7, लिमिट (कशीबशी झोप लागेल ते) 3, आणि -5 म्हणजे एक्स्ट्रीम! एक्स्ट्रीम म्हणजे झोप लागेल असं नाही, जीव वाचेल एवढंच. भाड्यानं घेताना फक्त कम्फर्टचा आकडा बघायचा, बाकी दुकानदाराला ठेवून घ्या म्हणायचं.

त्याहून वाईट मॅट. योगा मॅटपेक्षा जराशी जाड, त्यावर झोपलं की तासाभरात ढुंगण बधिर. लोकं वरनं किती पांघरायचं ते बघतात, खरं गारठा खालनं येतोय, कारण बॅगेतला कापूस अंगाखाली चेपतो आणि मग जमीन आणि तुम्ही, मधे फक्त ती मॅट. चांगल्या मॅटवर आर व्हॅल्यू, म्हणजे ती गारठा किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते, अशा थंडीला चारच्या आसपास पाहिजे, आमच्यावर काहीच लिहिलं नव्हतं. वाचवलं कुणी, तर दाजींच्या घोंगडीनं. दाजी ती काळी धनगरी घोंगडी घेऊन आलेवते, ट्रेनमध्ये मी किती हसलो, अडीच किलोचं वजन कशाला म्हणून. ती मॅटवर आडवी टाकली, तिघांच्या पाठी-कमरेखाली येईल अशी, आणि दुसऱ्या रात्री मी गाईडनं हाक मारेपर्यंत झोपलो. लोकर दाठर असते, चेपत नाही, हवा धरून ठेवते. वास येतो, तेवढं सोसायचं.

गॅसचं तर विचारूच नका. गॅसचे डबे ट्रेनमध्ये न्यायला बंदी, हे अण्णांना माहीत असायला हवं, आम्हाला पण हवं होतं. पैसे भरून डबे घरी ठेवून गेलो. तिकडं घेतला तो साध्या ब्यूटेनचा, शून्याच्या आसपास ब्यूटेनची वाफच होत नाही, सकाळी स्टोव्ह नुसता फुसफुस. डबा रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं हा पुतण्याचा शोध. आणि भात! हौसेनं बेळगाव बासमती नेलावता, तिथं पाणी 90 डिग्रीलाच उकळतंय, कुकर नाही, अर्धा तास शिजवून कच्चट. शेवटी पोहे, शेंगाची चटणी आणि कुंदा ह्यावर चार दिवस काढले. उरलेलं खाणं टेंटपासनं शंभर पावलांवर झाडाला टांगायचं, तिकडं काळं अस्वल आहे. दाजी खानापूर तालुक्यातले, अस्वल म्हटल्यावर त्यांना समजवावं लागत नाही. सकाळच्या कामाला पाण्यापासनं सत्तर पावलं लांब आणि वीतभर खोल खड्डा, नंतर माती ओढायची, त्यासाठी छोटं खुरपं घरनंच न्या, अण्णांकडं मिळत नाही.

मार्क : टेंटला पाचातले साडेचार, बॅगला दोन, मॅटला अर्धा. टेंट जरूर घ्या, मॅट आणि बॅग दुसरीकडं बघा.

परत द्यायला गेलो तर अण्णांनी खुंट्या मोजल्या, 14 मधली एक कमी, डिपॉझिटमधनं 40 रुपये कापले. घोंगडी सॅकला बांधलेलीच होती, ती हातात घेऊन बघितली आणि दाजींना विचारलं, ही भाड्यानं देणार काय.